व्हॅनला बसवलेले तीन काटे

प्रिय ठमे,

हस्ताक्षर बघून दचकू नकोस, पत्र माझंच आहे. बातमी अशी की आपल्या जुन्या व्हॅनला मी तीन मीटर बसवले. एक ऑइल प्रेशरचा, एक पाण्याच्या तापमानाचा, एक बॅटरीचा. हसून घे. मीटर कोणाला हवेत, तर ज्याला इंजिन कळत नाही त्याला, असं चाळीस वर्षं गॅरेजात आल्यागेल्याला ऐकवणारा तो हाच तुझा बाप. तुला लहानपणी बोनेटपाशी उभं करून मी म्हणायचो, डोळे मीट आणि ऐक. पहिल्यांदा तू सैल टॅपेटची टकटक बरोबर ओळखलीस, तेव्हा मी गल्लीभर सांगत सुटलो होतो.

काम तीन दिवस चाललं. आधी पाणी काढून तापमानाचा सेन्सर बसवला. मग ऑइलच्या जुन्या स्विचच्या जागी टी-जोड लावला, म्हणजे प्रेशर नसलं की पेटणारा मूळचा लाल दिवाही राहिला आणि नव्या सेन्सरचीही सोय झाली. डॅशबोर्डखाली वायरी ओढताना मी उताणा पडलो होतो, पाय दाराबाहेर. तुझी आई माहितीपत्रक घेऊन शेजारी. तीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई, तिला कोण गप्प बसवणार! मीटर कुठे लावायचे यावरून आमचं वाजलंच. मला ते खाली गिअरपाशी हवे होते, कोणाच्या नजरेत न येणारे. लाज, दुसरं काय. तिने ते स्टिअरिंगच्या वर, माझ्या नाकासमोर लावायला लावले.

तिसऱ्या दिवशी किल्ली फिरवली. बॅटरीचा काटा उठला, तापमानाचा हळूहळू सरकू लागला, ऑइलचा मात्र ढिम्म. झटकन इंजिन बंद केलं, ऑइल तपासलं, ते खुणेपर्यंत होतं. ऑइलचा पंपच गेला असं समजून मी डोक्याला हात लावून बसलो. आईने मला पुन्हा किल्ली फिरवायला लावली, लाल दिव्याकडे बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दिवा विझतोय, म्हणजे प्रेशर आहे. चूक तुमची आहे, इंजिनाची नाही."

खरंच माझी होती. गळती नको म्हणून मी सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे इतके वेढे दिले होते, की त्याला अर्थिंगच मिळत नव्हतं. टेप सोलली, थोडंसं सीलंट लावून धातूला धातू भिडवला आणि काटा असा टुणकन उठला की मी सीटवर बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या. आईने कपाळाला हात लावला, पण हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच टेकडीच्या रस्त्याने निघालो. गाडी वर्षभर छपराखालून हलली नव्हती. अर्ध्या चढावर तापमानाचा काटा चढायला लागला. गाडी कडेला घेतली, बोनेट उघडलं, तर फॅनचा पट्टा सैल. तो किती वेळ किंचाळत असेल देव जाणे. इंजिन निवू दिलं, पट्टा ताणला, पुन्हा निघालो. काटा जागेवर राहिला. वर पोचून खाली दिसणारं गाव बघत मी शिट्टी वाजवत बसलो, पोरासारखा.

आता खरं सांगतो. मला नीट ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. म्हणून गाडी वर्षभर उभी होती, म्हणून मी फोनवर "बरं बरं" करून रिसीव्हर आईकडे देतो. आणि त्या दिवशी आई बाहेर गेली असताना तू मला दिवस गेल्याचं सांगितलंस, तेव्हा मी तुला विचारलं, तिकडे हवा कशी आहे? तू फोन ठेवलास आणि त्यानंतर माझ्याशी बोलायचं सोडलंस. आईने मला सगळं सांगितलं, तेव्हा मी मोरीत जाऊन नळ सोडून रडलो, आनंदाने आणि शरमेने. इतकी वर्षं कानांच्या जोरावर मिरवलो, तेच गेले हे पोरीला कसं सांगायचं, म्हणून महिना घालवला. आईने एवढंच म्हटलं, गाडीचं मोजून घेता, तर स्वतःचंही घ्या. तेव्हा शनिवारी दोघं येतोय, व्हॅननेच. तुझ्या ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांकडे सोमवारची वेळ घेऊन ठेव, आणि तू बरोबर चल. पण त्याआधी दारातच, माझ्यासमोर उभी राहून, ती बातमी मला पुन्हा एकदा सांग. मोठ्याने सांग.

तुझाच,
बाबा