गाठ म्हटलं, पुळी होती

५ मे, सोमवार
वाट लागली. डाव्या छातीच्या खाली काहीतरी आलंय. आंघोळ करताना साबणाचा हात तिथेच थांबला. वाटाण्याएवढं, लालबुंद, दाबलं की ठणकतं. बाजूला बारीक पुरळ.

आणि मी अक्कलशून्य बाई! दिवसभर वर्षाच्या बॉटल मसाल्याच्या, म्हणजे आमच्या बाटलीत भरून ठेवायच्या तिखटाच्या, मिरच्या भाजल्या, देठं काढली. हात धुतले म्हणजे काय, नळाखालून फिरवले. त्याच हाताने ते पिळलं. आई गं! पंख्याखाली उघडी बसून विव्हळत होते. मॅथ्यू दाराबाहेरून विचारतोय काय झालं, मी सांगतेय मिरची डोळ्यात गेली. एवढा संसार केला या माणसाशी, पण छाती हा शब्द अजून त्याच्यासमोर तोंडातून निघत नाही.

६ मे
हळद-चुना लावला. पाय मुरगळला की आई लावायची. पाय वेगळा, ही जागा वेगळी — हे कातडं सोलल्यावर कळलं. आता मूळ दुखणं कुठलं आणि चुन्याचं कुठलं, देवालाच माहीत.

७ मे, बुधवार
भीती वाटते. मसाला चाळताना पण हात सारखा तिकडेच जातो. शेवटी ॲमांडाला फोन लावला.

आमचं मरोळ ते तिचं बोरिवली काही परदेश नाही. पण लग्न झाल्यापासून पोरीचे फोन दोन मिनिटांचे — जेवलीस का, डॅडी कसे आहेत, चल ठेवते. आज पण ठेवणारच होती. मी बोलून गेले, छातीत गाठ आलीये. पुळी म्हणणार होते, शपथ! तोंडात गाठच आलं.  ती लगेच म्हणाली, "मी येते."

आणि संध्याकाळी खरंच आली. मॅथ्यूला गाठीचं तिनेच सांगितलं.

८ मे, गुरुवार
सकाळी तिने गरम पाण्यात फडकं पिळून तिथे धरलं. मला इतकी लाज वाटली! तिला नाही वाटली. नीट वाकून बघितलं, काही बोलली नाही. घाबरली असणार बिचारी.

मग डॉक्टर अनुपमांकडे गेलो. आत मी एकटीच गेले. त्यांनी दोन्ही बाजू तपासल्या, काखेत बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "आयडाबाई, ही गाठ नाही. केसाच्या मुळाशी आलेली साधी पुळी आहे."

घाम साचतो, घट्ट नायलॉनची ब्रा घासते, त्यात केसाचं तोंड बंद होतं आणि सुजतं. त्यांनी विचारलं, तिथे काही ठेवता का? मोबाईल ठेवते, कुठे ठेवणार, मॅक्सीला खिसा असतो का! चुन्याचं ऐकून तर त्यांनी कपाळाला हात लावला. पिळायचं नाही, टोचायचं नाही, घरातलं काही थापायचं नाही. कोमट पाण्याने शेकायचं, जागा कोरडी ठेवायची, सैल सुती घालायचं, एक मलम दिलंय ते लावायचं. पंधरवड्यात गेलं नाही, ताप आला, किंवा पुढे कधी कडक न हलणारी गाठ लागली, कातडीला खळगा पडला, छातीच्या बोंडीतून रक्त आलं, तर लगेच यायचं. या वयात एकदा मॅमोग्राफी करून घ्या म्हणाल्या — या पुळीसाठी नाही, अशीच.

धीर करून विचारलं, बोंडीभोवती बारीक दाणे आहेत, ते पण पुरळच का? त्या हसल्या. तेलाच्या ग्रंथी त्या, सगळ्या बायकांना असतात. आणि मी पोरीच्या बाळंतपणापासून नखाने टोकरत आलेय! मला काहीतरी घाणेरडं झालंय म्हणून कुणाला विचारलं पण नाही. उगाच सोसलं. वाईट वाटलं.

बाहेर आले तर ॲमांडा उभीच. काय म्हणाल्या, विचारलं. मी म्हणाले, लक्ष ठेवायला सांगितलंय.

खोटं नाही ते. पण खरं तरी कुठे आहे?

१० मे, शनिवार
ॲमांडाने सुती ब्रा आणल्या, दोन माप मोठ्या. मोबाईलला गळ्यात अडकवायची पिशवी आणली. सकाळ-संध्याकाळ शेकते. दुपारी माझ्या डोक्याला तेल लावलं, शाळेतल्या सिस्टरची नक्कल केली. पोट दुखेपर्यंत हसले. घर कसं भरल्यासारखं वाटतं.

तरी तोंडाने म्हणत असते, अगं एल्टन एकटा असेल, काय जेवत असेल, सोन्यासारखा नवरा, त्याला असं टाकून राहू नये. आईने असंच म्हणायचं असतं ना. आतून म्हणते, राहा गं बाय.

ती म्हणते, तुझं बरं होऊ दे आधी.

१२ मे, सोमवार
पुळी बसली. नुसता तांबडा डाग उरलाय. पुरळ पण गेलं.

ॲमांडाने विचारलं, कसं वाटतंय? मी म्हणाले, आतून ठणकतं.

लाज नाही मला.

१४ मे, बुधवार
मॅथ्यू भर उन्हात माहीमच्या चर्चला नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाऊन आला. घामाने निथळत होता. परवापासून बघते, संध्याकाळचा पेग पण घेत नाही. विचारलं तर म्हणे ॲसिडिटी. ॲमांडाने सांगितलं — डॅडींनी नवस केलाय, तुझे रिपोर्ट चांगले आले तर वर्षभर दारूला शिवणार नाही. कसले रिपोर्ट! मला बुडून मरावंसं वाटलं. एक शब्द खरा बोलले असते तर या माणसाची वणवण वाचली असती. जेवताना त्याने माझ्या ताटात बोंबलाची तुकडी सरकवली, ती मी परत त्याच्याच ताटात ठेवली.

१५ मे
सांगणार होते. तिने फडकं गरम पाण्यात पिळलं, फुंकर मारून गार केलं आणि ठेवलं. मी गप्प बसले. असा हात माझ्या अंगाला आता कोण लावणार? सांगितलं की ही बॅग भरणार, आणि मग पुन्हा — जेवलीस का, डॅडी कसे आहेत, चल ठेवते.

१७ मे, शनिवार
आज एल्टनचा फोन आला. ॲमांडा घेत नव्हती, मीच तिच्या हातात दिला. म्हणाले, बोल, नवरा आहे तुझा. ती गॅलरीत गेली, आल्यावर जेवली नाही. मला वाटलं त्याची आठवण येत असेल. माझ्या स्वार्थापायी पोरीचा संसार अडकवून ठेवलाय मी. उद्या चर्चमधल्या मिस्साहून आलो की सांगते. मग रागावू दे, नाहीतर जाऊ दे.

१८ मे, रविवार
सांगितलं. पुळीच होती, डॉक्टरकडे गेलो त्या दिवसापासून माहीत होतं, कधीच बरी झाली. मॅथ्यू ऐकून सरळ बाहेर निघून गेला.

ॲमांडा म्हणाली, "मला माहीत होतं, मम्मी. पहिल्या सकाळीच बघितलं ना मी."

मग बोलली का नाहीस, मी विचारलं.

"तू रोज एल्टन, एल्टन करत होतीस. मला वाटलं, तुझी पुळी बरी झाली की तू मला परत पाठवशील. मला तिकडे नाही जायचं गं."

आणि मी समजत होते, ही माझ्यासाठी राहिलीये.