इंडिकेटर दिला होता

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५. सायंकाळी ७ वाजून १० मिनिटे.
अंबाजोगाईला दवाखान्याच्या आवारात गाडीत बसून लिहीत आहे. काचा वर. आज ५ वाजून १२ मिनिटांनी घाटनांदूरच्या बाहेर मी गाडी वळवत असताना मागून एक दुचाकी आली आणि डाव्या दरवाजावर आदळली. मी इंडिकेटर दिला होता.
दुचाकीवाला हरिबा, ऊसतोड कामगार, वय चाळिशीच्या आसपास. डावा पाय गुडघ्याखाली मोडला. मी शांत होतो. हरिबा रस्त्यावर पडल्या पडल्या मला म्हणाला, "दादा, आदी तुमी पाणी प्या." म्हणून प्यायलो. मग त्याला गाडीत घालून इकडे आणले.
डॉक्टरांनी कसे लागले विचारले. हरिबाने माझ्याकडे पाहिले (माझ्या डोळ्यांत धूळ गेली होती) आणि आपणच घसरून पडलो असे सांगितले. मी सांगायला लावलेले नाही. नोंद असावी.

मंगळवार, ७ ऑक्टोबर. सकाळी ९.
बाबांना गाडी खांबाला घासली असे सांगितले. बाबांनी कोणत्या खांबाला विचारले. विजेच्या, म्हणालो. आपले भांड्यांचे दुकान सोडून मी खांबापर्यंत कशाला गेलो होतो, असेही विचारले. उत्तर तयार करत आहे.
धाकट्या बहिणीला मात्र खरे सांगितले. रुचिका लातूरला कॉलेजात आहे, घाबरत नाही, कारण गाडी चालवत नाही. तिचे म्हणणे तीन गोष्टी आजच कर : पोलिसांत कळव, विमा कंपनीला कळव, वकिलाला एकदा विचार. मी समजावले की आजारी माणूस डॉक्टरकडे जातो आणि गुन्हेगार माणूस वकिलाकडे. मी वकिलाकडे गेलो म्हणजे चूक कबूल केली. ती म्हणाली, "दादा, तुझ्यासाठी नको जाऊ. त्या हरिबासाठी जा." भावनिक मुलगी आहे.
विमा चालू आहे. कागद मी घेतला त्याच दिवशी लॅमिनेट केला. खराब होऊ नये म्हणून कपाटाबाहेर काढत नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर. दुपारी.
मित्र रवि याचा सल्ला घेतला. त्याला अपघातांचा अनुभव आहे. त्याच्या मेव्हण्याची म्हैस जीपखाली आली होती. रवि म्हणतो, "पोलिसात गाडीचं नाव गेलं की गाडी जप्त आन् तू आत. आपसात मिटव बे. स्टॅम्पवर लिहून घे आन् मोकळा हो."
जेवण गेले नाही. आत गेल्यावर अंघोळीला गरम पाणी मिळते का, हे रविला माहीत नव्हते.

रविवार, १२ ऑक्टोबर.
काम फत्ते. पाचशेच्या स्टॅम्पवर मजकूर मी स्वतः, माझ्या अक्षरात लिहिला. 'मी माझ्या दुचाकीवरून आपोआप घसरून पडलो. कोणत्याही चारचाकीचा संबंध नाही. श्री. सोमलिंग यांनी माणुसकी म्हणून रु. २५,००० दिले. पुढे तक्रार नाही.' एकही खाडाखोड नाही. टंकलेखकाकडून ऱ्हस्व-दीर्घाच्या सहा चुका झाल्या असत्या.
हरिबाने आणि त्याची बायको रतनबाई हिने अंगठे दिले. त्यांची प्रत लॅमिनेट करून दिली. कागद जपून ठेवा, तुमच्या कामाचा आहे, असे रतनबाईला सांगितले. तिने तो कपाळाला लावला. तेव्हा मला जरा बरे वाटले नाही. ऊन असावे.
इंडिकेटर दिल्याचे मला जवळजवळ आठवते.

रविवार, २६ ऑक्टोबर.
दिवाळी झाली. आज ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला निघाल्या. ट्रॅक्टर दुकानावरूनच गेले. वर भांडी, कोंबड्या, लेकरे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हरिबा खाटेवर, म्हणजे रतनबाई अर्धा कोयता. अर्धा कोयता मुकादम नेत नाही. सहा महिन्यांची मजुरी गेली.
वाईट वाटले. पण कायद्याच्या दृष्टीने तो आपोआप घसरला आहे.
दुकानासमोर पोलिसांची गाडी थांबली. अर्धा तास पिंपाआड बसलो. हवालदाराला पोहे चाळायची चाळणी हवी होती. बाबांनी विकली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर. सकाळी १०.१५.
रतनबाई दुकानात आली. पायात पू झाला आहे. दुसरे ऑपरेशन करावे लागेल, नाही तर पाय वाचायचा नाही, असे तिच्या खाजगी डॉक्टरांनी सांगितले. खर्च ऐंशी हजार. तिने पदरातून मी लॅमिनेट करून दिलेला स्टॅम्पचा कागद काढून काउंटरवर ठेवला. एक सुरकुती नव्हती.
"मालक, ह्यो तुमचा इम्याचा कागद. जपलाय बगा. आता लावा."
मी उद्या सांगतो म्हणालो. तिने जाताना बाबांनाही नमस्कार केला. बाबा खांबाबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत.

बुधवार, १२ नोव्हेंबर.
रुचिकाने दिलेल्या पत्त्यावर गेलो. अंबाजोगाई, वकील मंजुषाताई. त्यांनी कागद दोनदा वाचला.
"अक्षर सुरेख आहे. कोणाचं?"
माझे, म्हणालो. एक क्षण आनंद झाला होता, हे खरे.
मग त्यांनी सांगितले ते असे. गाडीचा विमा हरिबासारख्या माणसासाठीच असतो. पहिल्या दोन दिवसांत कळवले असते, तर औषधपाणी, बुडालेली मजुरी, सगळ्याचा दावा कंपनीवर लागला असता. तुरुंगाचे जे माझ्या डोक्यात होते, त्यातले बरेचसे जामिनावर सुटण्यासारखे होते. आता कंपनी हाच कागद पुढे करील. दावा अजून लावता येतो, पण हा कागद खोटा आहे, असे पोलिसांत जाऊन कोणीतरी सांगायला हवे.
कोण, विचारले.
त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. फी पाचशे. महिन्यापूर्वीही पाचशेच होती.
घरी येऊन आठवले. इंडिकेटर दिला होता. उजवा. वळलो डावीकडे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. सकाळी ११ वाजून ५ मिनिटे.
पोलीस ठाण्यासमोरच्या हॉटेलात बसून लिहीत आहे. बरोबर दहाला आत जायचे ठरले होते. साहेब राउंडवर असतील म्हणून थांबलो. साहेब १०.२० ला आले. कामात असतील म्हणून थांबलो. घाबरलेलो नाही. चहा चांगला आहे म्हणून तिसरा मागवला.
११.३० ला हरिबाचा फोन आला. मंजुषाताईंनी काल माझ्याकडून नंबर घेऊन त्याला सगळे सांगितले होते. मला वाटले शिव्या देईल. मी तयार होतो. "दादा, एकटं जायाला भ्या वाटत आसंल तर थांबा. मी येतो संगं."
आता १२.१०. समोर रिक्षा थांबली आहे. रतनबाई धरते आहे आणि हरिबा वॉकर टेकत उतरतो आहे. मी इथूनच हात केला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि अंगठा तोंडाकडे नेऊन खूण केली : आधी पाणी.

झालेला खर्च : हरिबास २५,०००. दरवाजाचे डेंटिंग ३,२००. स्टॅम्प ५००. लॅमिनेशन ६०. वकील ५००. चहा चार, ४०.
देणे : एक जबाब. आणि रिक्षाचे दोनशे, ते हरिबाने भरले.