वकिलांचा ब्रूनो, सखूची राणी

११ जानेवारी
राणी व्याली. चार पिल्लं, सरपणाच्या खोलीत. ऊसतोडीला जाताना सखू तिला दरवर्षी माझ्याकडे सोडून जाते. राणी अस्सल कारवानी कुत्री. निमुळतं तोंड, खपाटीला गेलेलं पोट. पिल्लांच्या पाठी मात्र काळ्या, पंजे गुबगुबीत. बाप शेजारच्या वकिलांचा ब्रूनो! त्यांचं फाटक कायम उघडं.

१४ जाने.
वकिलांकडे गेले. तिळगूळ दिला, गोड बोलणं जमलं नाही.
"बाई, आमचा जर्मन शेफर्ड हाय. सर्टिफिकेटवाला. गावठीकडं बघत बी न्हाई."
म्हटलं, तुमच्या जर्मनाची जात सव्वाशे वर्षांची. धनगरी कुत्र्यांतून माणसांनीच निवडून काढलेली. त्यामागे जा, दोघांचा मूळपुरुष एकच, लांडगा.
"तोंड तरी जुळतं का?"
तोंडावरून नाती लावायची तर तुमचा अन् तुमच्या भावाचा काय संबंध? आत वकिलीणबाई फिस्सकन हसल्या.

२ फेब्रु.
एकीच्या कपाळावर पांढरी पट्टी. आमच्या शाळेतल्या नन्ससारखी. नाव सिस्टर. माझ्या चपलेत झोपते. जीव लावायचा नाही, पिल्लं सखूची आहेत. (चप्पल हलवली नाही.)

९ फेब्रु.
सखूचा फोन. "मालक लई चिडलेत. म्हनतेत, कारवानीची औलाद बिघडली. बाई, तुमी फाटक कावून लावलं न्हाई?"
ब्रूनोचं पाप माझ्या माथी! पण ही माणसं पिल्लं घेणार नाहीत, तर मग सिस्टर... असो.

२० मार्च
आज सिस्टरनं माझ्या तिन्ही कोंबड्या गोल फिरून कोपऱ्यात आणल्या. दात लावला नाही. कुणी शिकवलं? बापाच्या खापरपणज्यानं मेंढ्या वळल्या, ते हिच्या अंगात. भिंतीवरून वकील: "बगा, हुबेहूब ब्रूनो! ही मला द्या." सर्टिफिकेट आणा म्हटलं.
सखूला फोन करून सगळं सांगितलं. किती बोलले मी!

२ एप्रिल
सखू आणि तिचा नवरा भानुदास आले. राणी दोघांच्या अंगावर उड्या मारून थकली. भानुदासनं एकेक पिल्लू उचलून पाठ चाचपली. राग कुठल्या कुठे. तिघं सखूच्या पदरात.
मग सिस्टर. "हीच का कोंबड्या वळनारी? साडूची मेंढरं हायेत. लई कामाची हाय."
फोनवर मिरवायला कुणी सांगितलं होतं मला?
तिला खाली ठेवून म्हणाला, "बाई, तुमी म्हनाल तसं. न्यायची का ऱ्हाऊ द्यायची?"
म्हटलं, आधी चहा घ्या.
आधण केव्हाचं उकळतंय. सिस्टर पायात. सखू बाहेरून विचारतेय, "बाई, पत्ती संपली का काय?"