कानाचा दाखला

अप्पा, तुम्ही तालुक्याच्या कचेरीत निराधार योजनेच्या टेबलावर बसायचात. सरकारचा महिन्याचा पगार कुणाला लागतो, कोणते कागद जोडायचे, कुठं कुणाची सही लागते, सगळं तुम्हाला तोंडपाठ. आंधळे, पांगळे, मुके लोक रविवारीसुद्धा आपल्या ओसरीवर यायचे आणि तुम्ही त्यांचे अर्ज तुमच्या त्या सुरेख अक्षरात भरून द्यायचात. आई चहा करून करून वैतागायची. त्याच घरात तुमची पोरगी दोन्ही कानांनी अर्धी बहिरी होती. तिचा अर्ज मात्र तुम्ही कधी भरला नाहीत. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि मी हे आत्ता विचारतेय.

तापात माझे कान गेले तेव्हा मी सहा वर्षांची. एकदा आईनं चुलीपुढून पीठ मागितलं आणि मी मीठ नेऊन दिलं. तिनं कपाळावर हात मारला. तुम्ही मला समोर बसवलंत. "माझ्या तोंडाकडं बघ. पीठ. मीठ. ओठ सारखेच हलतेत. मग आई काय करून राहिली ते बघायचं. परात पुढं हाय, म्हंजी पीठ." रोज संध्याकाळी शेंगा फोडत तुम्ही आवाज न काढता नुसते ओठ हलवायचात आणि मी शब्द ओळखायची. त्या शिकवण्यावरच मी आजवर जगले, ते नाकारत नाही. पण शाळेच्या बाईंनी कान तपासायची चिठ्ठी घरी पाठवली, तेव्हा तुम्ही ती घडी घालून खिशात टाकलीत. बाईंना सांगितलंत, "माझ्या लेकीला ऐकू येतं." आणि मला म्हणालात, "कुणाला सांगायचं न्हाई, माय. कागदावर एकदा चढलं की उतरत न्हाई. मग लग्न कोण करील?"

लग्न झालं, अर्धापूरला. नवव्या दिवशी मी भाकरी थापत होते. सासूबाईंनी मागून तीनदा हाक मारली आणि शेवटी खांद्याला धरून मला वळवलं. "फसवलं की गं तुमी लोकांनी आमाला." मरेपर्यंत त्या मला हेच म्हणत राहिल्या. पोरीनं नाही, मी फसवलं, असं तुम्ही एकदाही त्यांच्या दारात येऊन सांगितलं नाहीत. दिवाळीला आलात, चहा घेतलात, गेलात.

नवऱ्यानं पिठाची गिरणी टाकली म्हणून निभावलं. गिरणीत सगळेच ओरडून बोलतात, तिथं मी कुणापेक्षा कमी नव्हते. ते गेल्यावर मी एकटीनं चालवली. दगड नीट चालतोय की नाही, ते पत्र्यावर तळवा ठेवून ओळखायची. गेल्या वर्षी मात्र उरलंसुरलं ऐकू येणंही गेलं. लेक तोंडासमोर येऊन म्हणाली, "आई, कानाचं मशीन सरकारकडून मिळतं. पगार पण लागतो. आधी अपंगाचा दाखला काढू." तिनंच मोबाइलवर अर्ज भरला. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणीची तारीख आली.

पहिल्या खेपेला तपासणारा रजेवर. दुसऱ्या खेपेला सकाळपासून बाकावर बसले. अप्पा, ती कान तपासायची रांग. बाकावर बसलेल्यांत धड ऐकू येणारं कुणी नाही, आणि शिपाई दारात उभा राहून, तोंडाला मास्क लावून नावं पुकारतोय! मी त्याच्या डोळ्यांकडं बघून काय ओळखणार? शेजारचे म्हातारे गृहस्थ तर दाराकडं टक लावून थकले आणि मान खाली घालून बसले. दुपारी दार लागायला आलं, तशी मी उठून दाराशी गेले. शिपायानं मास्क खाली ओढला, तेव्हा कुठं त्याचे ओठ दिसले. "तीनदा पुकारलं तुमचं नाव. ऐकू येत न्हाई का?"

"न्हाई येत! म्हणून तर आले!" माझा आवाज किती मोठा निघतो ते मला कळत नाही, पण सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. "पुढच्या बुधवारी या," एवढंच तो म्हणाला आणि दार लावलं. एसटीत मी रडले. दुःखानं नाही, संतापानं.

पुढच्या बुधवारी मी लेकीची जुनी पाटी आणि खडू घेऊन गेले आणि त्या शिपायाच्या हातात दिली. "यावर लिवा नाव. आन् सगळ्यांना दाखवा." तो कुरकुरला, आत विचारून आला, पण लिहायला लागला. ते म्हातारे गृहस्थ त्या दिवशीही आले होते. पाटीवर स्वतःचं नाव दिसल्यावर ते असे झटकन उठले, की काठी बाकालाच राहिली.

दाखला मिळाला. तो घेऊन पगारासाठी कचेरीत गेले. टेबलावर तुमच्या तेव्हाच्या वयाचा माणूस होता. कागद चाळून त्यानं मान वर केली. "लहानपणापासूनचं हाय म्हंता, मग इतकी वर्षं काय केलं? वडील काय करायचे?" घरून ठरवून निघाले होते, कुणी विचारलं तर स्पष्ट सांगायचं की असल्याच टेबलावर बसायचे. तोंडातून निघालं, "अडाणी होते हो. त्यांना यातलं काय ठावं?" त्यानं मान हलवली आणि कागद ठेवून घेतले.

पगार अजून मंजूर झालेला नाही. मशीन आलंय, त्यात भांड्यांचा आवाज फार लागतो. हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते मला माहीत आहे. तुमची अब्रू राखायला खोटं बोलले, असं मी लेकीला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. तुम्हाला अडाणी म्हणताना मला बरं वाटलं, अप्पा.