जेंट्स कार्ड

४ नोव्हेंबर, मंगळवार

काल कोर्टाचा निकाल हातात आला. राजीखुशीचा घटस्फोट. वकील म्हणाले, "लवकर सुटलात, मॅडम." सुनीलनं आधी सही केली, मग पेन माझ्याकडे सरकवलं. पेन माझंच होतं. यापुढे इथं त्याला सु. लिहीन. पूर्ण नाव लिहायला हात होत नाही.

आज आबा आले. माझे सासरे. आता काय लिहायचं? सासरेच लिहिते. सु. इंदूरला निघून गेला तेव्हापासून दर मंगळवारी नेपानगरहून पॅसेंजरनं येतात, नातीसाठी, सईसाठी, पिशवीत काहीतरी घेऊन. एक मंगळवार चुकवला नाही. आज मेथीची जुडी आणि पेरू. निकालाबद्दल एक शब्द नाही. खुर्चीत बसले, चष्मा पुसला.

"काय करून राहिली, पोरी?"

"जेंट्स कार्ड, आबा. गुप्ताजींनी मागवलीत."

"दे इकडं."

पुरुषांच्या शुभेच्छा-कार्डांवर चिकटवायच्या चौकड्याच्या कागदाच्या पट्ट्या दिल्या. आबा कात्री घेत नाहीत. लोखंडी पट्टी दाबून कागद फाडतात. कड मऊ येते, थोडी केसाळ, आणि पुरुषांच्या कार्डाला तशीच शोभते. सगळी नोकरी कागदाच्या मिलमध्ये गेली, कागदाला भीत नाहीत.

जाताना "येतो मंगळवारी" म्हणतात नेहमी. आज नुसतं "येतो".

११ नोव्हेंबर, मंगळवार

आबा नाही आले. चहा दोघांचा टाकला होता. फोन वाजून वाजून बंद. सई म्हणते, गाडी लेट असेल. संध्याकाळपर्यंत तेच म्हणत होती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शाळेत शिकवून झाल्यावर गुप्ताजींच्या कार्डांच्या दुकानात. जेंट्स कार्ड संपली. "मॅडम, लेडीज के लिए तो माल भरा पड़ा है, आदमी के लिए कुछ मिलता ही नहीं." खरंय. बाजारात पुरुषाला दोनच गोष्टी, टाय नाहीतर मोटार. माझ्याकडे खोडरबरावर कोरलेले शिक्के आहेत. चहाचा ग्लास, कंगवा, रेडिओ, बुलेट, घडी केलेलं वर्तमानपत्र.

मागे एकदा आबांना विचारलं होतं, पुरुषाला कार्डावर काय आवडतं? हातातली पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "कोणी इचारलंच नाही, पोरी."

आज रेडिओ बिघडला. शाई जास्त झाली. परत मारला, परत बिघडला. ठेवून दिलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सासूबाईंचा फोन. आवाज गोड होता, तेव्हाच कळलं.

"ज्योती, यांना आता मंगळवारी धाडत नाही मी. लोक बोलून राहिले, सुनेशी संबंध तुटला तर सासरा जातो कशाला. सुनीलचं लग्न आहे रविवारी, देवळातच. नव्या पोरीला काय वाटेल? तू समजदार आहेस."

"हो, आई."

"सई आमचीच आहे. ती येईल जाईल."

"हो."

सई क्लासला होती ते बरं. मोरीत नळ सोडून रडले.

सु. गेला तेव्हा इतकी रडले नव्हते. हे इथंच लिहू शकते. नवरा गेला तर बायका येऊन बसतात, पाठीवर हात फिरवतात. सासरा गेला म्हणून कोणापाशी रडायचं? माझे बाबा मी लहान असतानाच गेले. लग्न झालं तेव्हा मी पुरुषमाणसाला "जेवून घ्या" असं कधी म्हटलंच नव्हतं. आबांनाच पहिल्यांदा म्हटलं. त्यांनी ताट उचलून माझ्याजवळ आणलं, म्हणाले, तू पण बस.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल लग्न झालं. तिचं नाव नेहा, इंदूरचीच. सईला व्हिडिओ कॉल आला होता माझ्या फोनवर. मी भाजी चिरत होते, चिरत राहिले.

आज सु.चा फोन. सईसाठी असेल म्हणून हाक मारणार, तर म्हणाला, "नाही, तुझ्याशीच काम आहे. आबांना पंच्याहत्तर पूर्ण होतात. सात तारखेला घरी छोटासा कार्यक्रम ठेवलाय. एक कार्ड बनवशील? जेंट्स कार्ड तुझ्यासारखं कोणी बनवत नाही."

मी हातातला शिक्का खाली ठेवला.

"आत नावं लिहून दे. सुनील, नेहा, सई."

मी विचारलं, "साईज काय पाहिजे?"



२५ नोव्हेंबर, मंगळवार

नाही म्हणायला फोन हातात घेतला. ठेवला. परत घेतला. त्याला कळलंसुद्धा नसेल आपण काय मागितलं. वाईट नाहीये तो. त्याचं हेच वाईट आहे.

सईला सांगितलं. दहा वर्षांची आहे, पण माझ्या तोंडाकडे बघून बोलते हल्ली. म्हणाली, "आबांसाठी आहे ना? मग बनव ना आई. पप्पासाठी थोडंच आहे."

२९ नोव्हेंबर, शनिवार

काय काढू? शिक्क्यांचा डबा उपडा केला. बुलेट नाही, आबा सायकलवाले. चहाचा ग्लास सगळ्यांनाच चालतो, म्हणून आबांना नको. कंगवा तर नकोच, डोक्यावर केस कुठं आहेत! एकटीच हसले, मग नाही हसले.

शर्ट करायचा ठरवला. उभं कार्ड, वरची कड दुमडून कॉलर. आबांचा तो अर्ध्या बाह्यांचा निळ्या चौकड्याचा शर्ट, खिशाला पेन. तसा कागद गुप्ताजींकडे नाही. दुसऱ्या दुकानात पण नाही. सगळे चौकडे लाल-काळे, नाहीतर लहान पोरांचे.

३० नोव्हेंबर, रविवार

चौकडा स्वतःच छापला. खोडरबराच्या लांबट तुकड्यावर तीन रेघा कोरल्या, एक जाड, दोन बारीक. निळ्या पॅडवर टेकवून आधी उभ्या ओळी, वाळू दिल्या, मग आडव्या. रेघ रेघेवर पडते तिथं निळा गडद होतो, खऱ्या कापडासारखा. पहिला कागद तिरपा गेला. दुसऱ्यावर अंगठा उमटला. तिसरा जमला.

सई फुंकर मारत होती. म्हणाली, "आबांच्या शर्टाचं एक बटण वेगळं आहे, आई. पांढरं नाही, करडं आहे." ते बटण मीच लावलेलं. करडं काढलं.

दिवसभर फार बरं वाटलं. मग नावं लिहायची आहेत ते आठवलं.

३ डिसेंबर, बुधवार

लिहिली. माझ्याच अक्षरात. "प्रिय आबांना पंच्याहत्तराव्या वाढदिवसाचा नमस्कार. सुनील, नेहा, सई." नेहाचं नाव लिहिताना हात हलला नाही. हलला असता तर नवा कागद घ्यावा लागला असता.

सगळ्या कार्डांच्या मागे मी कोपऱ्यात छोटा शिक्का मारते, "ज्योती, बुऱ्हाणपूर". याच्यावर मारू की नको? कार्ड पालथं करून बसले. मी बनवलं तर माझा शिक्का असणारच, गुप्ताजींच्या कार्डावर असतो तसा. त्यात कोणाला काय बोलता येईल?

मारला. जरा जास्तच जोरात बसला.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी सु. गाडी घेऊन सईला न्यायला आला. खाली थांबला, हॉर्न वाजवला. मी गॅलरीतून हात केला. कार्ड सईच्या हातात, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.

दिवसभर घर आवरलं. आवरण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी सई आली. हातपाय न धुता सांगत बसली, मी पण टोकलं नाही.

"आई, आबांनी कार्ड आधी उलटं केलं. मागचं वाचलं. मग समोरून बघितलं. खूप वेळ. करड्या बटणाला बोट लावलं."

"मग?"

"मग खिशात घालायला लागले, पण खिशात मावतच नव्हतं ना. नेहा आंटी म्हणाली, कितना सुंदर है, कहाँ से लिया? पप्पा म्हणाले, बुरहानपुर से."

"आणि आबा?"

"आबा म्हणाले, मला जरा बाहेर बसू द्या. केक कापायला बोलावलं तरी लवकर नाही आले. आजी चिडली."

सईला जवळ घेतलं. केसांना नेपानगरच्या घराचा वास होता, तिथल्या धुपाचा.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सईनं गुप्ताजींना फोनमधला फोटो दाखवला, शर्टाच्या कार्डाचा. "मॅडम, ये तो हाथोंहाथ बिकेगा, बना दो ढेर सारे." नाही म्हटलं. ते बघतच राहिले. मी त्यांना कधी नाही म्हटलेलं नाही. म्हटलं, रेडिओवालं देते.

१६ डिसेंबर, मंगळवार

शाळेत असताना सासूबाईंचा फोन. आज आवाज गोड नव्हता, रडत होत्या. आबांना श्वास लागला. न्यूमोनिया. शेजारच्यांनी गाडीत घालून बुऱ्हाणपूरला आणलं, दवाखान्यात भरती केलं. "माझ्या गुडघ्यांनी मला येववत नाही. सुनील बाहेरगावी आहे, उद्या संध्याकाळपर्यंत पोचतील ते दोघं. तूच जवळ आहेस, ज्योती. जा गं."

हेडमास्तरांना अर्ज पण दिला नाही. तोंडी सांगितलं, सासऱ्यांना भरती केलंय, आणि निघाले.

काउंटरवर विचारलं, "पेशंट की आप कौन?"

"बहू."

तोंडातून तेच गेलं.

आबा अर्धे झालेत. नाकातोंडावर मास्क. मला बघून मास्क बाजूला करायला गेले, नर्स ओरडली. मग हातानंच विचारलं, सई? म्हटलं, शाळेत. जेवली का? जेवली, आबा.

१७ डिसेंबर, बुधवार

सकाळपासून आबांजवळ. सईला शेजारच्या काकूंकडे ठेवलं. दुपारी मास्क थोडा वेळ काढला तेव्हा बोलले. तुटक तुटक.

"मंगळवारी तिथल्या स्टेशनवर जायचो मी. घरी सांगायचं, फिरायला जातो. बाकावर बसायचो. गाडी यायची."

"मग बसायचं ना आबा गाडीत."

"कोण्या तोंडानं येऊ, पोरी? माझाच पोरगा आहे."

मी पाय चेपत बसले. तळवे बर्फासारखे. पायमोजे आणायचे राहिले.

थोड्या वेळानं म्हणाले, "बटण बरोबर केलं." आणि डोळे मिटले.

संध्याकाळी ते दोघं आले. सु. डॉक्टरांकडे गेला. नेहा वॉर्डात आली. लहान आहे, थकलेली दिसत होती, प्रवासाचेच कपडे. नर्सला म्हणाली, "मैं इनकी बहू हूँ."

नर्सनं माझ्याकडे पाहिलं. "बहू तो ये सुबह से बैठी हैं. कितने बेटे हैं बाबाजी के?"

शेजारच्या पलंगावरच्या बाई जेवता जेवता थांबल्या. नेहाचं तोंड उतरलं. तिचा काय दोष? मीच म्हणाले, "यही बहू हैं. मैं निकलती हूँ."

नेहा दारापर्यंत आली. "दीदी, आप घर जाकर आराम कर लो. अब मैं हूँ ना."

चांगल्या मनानंच म्हणाली. पेशंटजवळ थांबायचा पास तिच्या हातात दिला. आबा झोपलेले होते. सांगून निघता आलं नाही.

रस्त्यात दुकानं होती, पायमोजे घ्यायचे लक्षातच राहिलं नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

मुगाची पातळ खिचडी केली, वरून तूप. शाळेआधी दवाखान्यात. चौकीदार म्हणाला, "पास?" पास एकच मिळतो, तो वर नेहाकडे. नेहाला फोन करायला नंबर नाही. सु.ला लावला, बंद येतो, झोपला असेल. सासूबाईंना कशाला सांगायचं.

सफाईवाल्या मावशीला विनवलं. तिनं डबा घेतला. "किसने भेजा बोलूँ?"

"बोलना, घर से."

खाली नळाजवळ उभी राहिले. वरच्या खिडक्या सगळ्या सारख्या, निळे पडदे. आबांची कुठली ते आतून माहीत होतं, बाहेरून ओळखू येईना. एका खिडकीचा पडदा हलला, तिकडं बघत राहिले. कोणी म्हातारी होती, तिनं बाहेर पाणी ओतलं.

डबा परत आला. घासलेला, पुसलेला, आत शीत नाही.

"बाबाजी ने खाया?"

"वो नहीं मालूम. बहू ने धो के दिया."

शाळेत दोन तास मुलांकडून काय करून घेतलं आठवत नाही. घरी आल्याबरोबर सईनं विचारलं, आबांनी खाल्लं? म्हटलं, सगळं.

उद्या तांदळाची पेज नेते. जिरं चालेल का त्यांना, मीठ किती घालायचं, डॉक्टरांना विचारायला हवं. मला कोण सांगणार.