लव्हाळ्याचं बेट

४ मार्च
तर दादा म्हणतो, मी कुठंच टिकत नाही. फरश्यांचं काम सोडलं, बेकरी सोडली, सगळं त्यानं पाठ करून ठेवलंय. बेकरीवाल्यानं पगार बुडवला तेवढं मात्र आठवत नाही. असो. आता टिकूनच दाखवतो.

जागा झकास आहे. एवढंसं गोड्या पाण्याचं तळं, भोवती टेकड्या, काठावर माझी खोली. मागून एक पायवाट टेकडीवर जाते. काम काय, तर कुणाला मासे धरू द्यायचे नाहीत आणि कुठले पक्षी कुठं बसतात ते ऑफिसातल्या साहेबांसाठी लिहायचं. बगळे, पाणकोंबड्या, पाणकावळे. एका खंड्याचं नाव मी मुकादम ठेवलंय. तोही नुसता बसून सगळ्यांवर नजर ठेवतो. मधोमध लव्हाळ्याचं बेट. नावाडीकाका म्हणाले, ते तरंगतं, मुळं गुंतून गादी झालीय, खाली पाणीच. काका दर शनिवारी होडीतून किराणा आणतात. त्यांनी विचारलं, तू किती दिवसांचा पाहुणा? आधीचा राखणदार न सांगता पळाला, म्हणे. त्याच्या आधीचाही.

९ मार्च
बेटावर एकही पक्षी उतरत नाही. उडतानासुद्धा वळसा घालून जातात. सगळी गर्दी माझ्या काठावर. बरंच आहे, बसल्या जागी काम होतं.

१३ मार्च
वारा उलटा असताना बेट सरकत काठाला येऊन लागलं. पाय टाकला तर जमीन दबली आणि हळूच वर आली, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी. आत लव्हाळ्यात खाट आहे. माझ्या खाटेसारखीच, हिरवा रंग, पायावर ऑफिसचा शिक्का. शेजारी चपलांचा जोड. दोरीवर सदरा.
पळून जाणारा चपला ठेवून जातो का?

१५ मार्च
काकांना सांगितलं. ते हसले. भीती वाटत असेल तर बस होडीत, म्हणाले. दादाचं तोंड डोळ्यांसमोर आलं. नाही बसलो. काकांनी अर्ध्या महिन्याचा पगार आणून दिला, तोही घरी पाठवला नाही. महिन्याचा एकदमच पाठवीन, म्हणजे त्याची बोलती बंद.

१७ मार्च
बेट परत मध्ये गेलं. पक्षीही गेले, समोरच्या काठावर. मुकादमसुद्धा. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे.

१८ मार्च
चहा ठेवायला उठलो. खोलीतली जमीन दबली — आणि हळूच वर आली.

२० मार्च
खाटेखाली लव्हाळ्याचे कोंब. उपटले. परत आले. खोली आणि पायवाटेच्या मध्ये पाणी आलंय. काल उडी मारून गेलो असतो. गेलो नाही. आज ते रुंद झालंय — मला पोहता येत नाही.

२१ मार्च
उठलो तर घोट्याला मुळं. कापली. दुखलं. मुळांना नाही, मला —

२२ मार्च
काका आले. जिथं खोली होती तिथं होडी लावली, टेकडीकडे बघत राहिले. मी इथं तळ्याच्या मध्ये, लव्हाळ्यात. हाक मारली तर नुसती सळसळ. त्यांनी बेटाकडे एकदा पाहिलं. होडी वळवली.

आता सांगतील, हाही पळाला. दादाला लगेच पटेल.

चहाच्या डब्यात पैसे घालतोय, ही वहीपण. काठाला लागेल कधीतरी. आई, त्याला सांग मी पळालो नाही. दोन्ही पाय आता — हात अजून चालतोय. पैसे सगळे घरी. सहा हजार पाच—