यतीनचा अंबाडा

निर्मळ,
ता. १२ जानेवारी २०२५

चिरंजीव सुजय यास आईचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. केळीचे दोन लोंगर उतरवले, एक तुझ्यासाठी ठेवलाय. फोनवर यतीनचं नाव काढलं की तू फोन ठेवतोस, म्हणून कागद घेतला.

तुझा मुलगा मित्राकडे राहतो म्हणून सांगतो ना, तो मित्र मीच. दिवाळीपासून इथेच आहे. रागावू नकोस, वजन वाढलंय त्याचं.

शीख होणं सोपं नाही रे. देवाचं नाव घेणं त्याला पहिल्या दिवसापासून जमलं, बाकीचंच जमेना. पहाटे पाठ करायचा म्हणून मोबाईल वाजतो. मी उठते, शेजारच्या भागूबाईचा कुत्रा उठतो, हा आपला घोरतोय. दाढी म्हणजे नवी पानवेल, एका वाफ्यात आहे तर दुसऱ्यात नाही. केस बांधायला मीच शिकवलं. मानेवर छान अंबाडा घातला, माझ्यासारखा. तसाच वर रुमाल बांधून गुरुद्वारात गेला, तर तिथल्या बायका ओढणीत तोंड लपवून हसल्या. त्यांच्यात पुरुषांचा बुचडा माथ्यावर असतो म्हणे. मला काय माहीत! मग मीही गेले एकदा, लंगरात पोळ्या लाटल्या. तिथले ग्यानीजी त्याला म्हणाले, घाई नको, सावकाश होऊ दे. चांगला माणूस, माझ्या गुडघ्याचीही चौकशी केली.

तू दहाव्याचंच धरून बसलायस. तुझ्या बाबांच्या दहाव्याला यतीनने डोकं केलं नाही, लोक बोलले. अरे, तुझ्या टकलावर न्हाव्याने नुसता वस्तरा फिरवला, तेव्हा कुणी विचारलं का केस कुठे गेले?

आता खरं सांगते. गेल्या रविवारी तो कात्री घेऊन बसला होता. म्हणाला, "आजी, केस कापले तर बाबा बोलतील माझ्याशी?"

मी म्हटलं, "बोलतील. पण मग तू त्यांच्याशी नीट बोलणार नाहीस."

कात्री घेतली आणि कोळंबी साफ करायला बसले.

पगडीचं कापड लुगड्याएवढं लांब. बांधायच्या आधी दोघांनी दोन टोकं धरून, ताणून घडी घालायची असते. रोज मी धरते. पण माझा खांदा आखडलाय, तुला बोलले नव्हते. काल टोक खिडकीला बांधलं, तर गजच हातात आला.

तू शीख होऊ नकोस, त्याला हो म्हणू नकोस. बोलला नाहीस तरी चालेल. सकाळी ये आणि टोक धर. ताणताना समोरच्याकडे बघावं लागतं, एवढं आधीच सांगून ठेवते.

दुसऱ्या हाताने अजून तुझा कान पिळू शकणारी,
तुझी आई